रंग एक, मॉनिटर दोन

मराठीत रंगांना नावे आहेत, आकडे नाहीत. अबोली, आमसुली, गुलबाक्षी, चिंतामणी... नुसती नावे उच्चारली तरी साडीची घडी उलगडल्यासारखे वाटते. पण तुमचा चिंतामणी आणि माझा चिंतामणी एकच, हे ठरवायचे कुणी?

हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरीच उभा राहिला. आईच्या वर्षश्राद्धाला तिचा फोटो मोठा करून लावायचा होता. टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी. दादाच्या नव्या मॉनिटरवर तिची साडी चिंतामणी, माझ्या जुन्यावर मोरपंखी. साडी केव्हाच कुणाला तरी देऊन टाकलेली. दादा म्हणे, "आई अशीच दिसायची." मला मात्र माझ्याच पडद्यावरची आई ओळखीची वाटे. एवढ्याशा रंगापायी दोन दिवस आम्ही बोललो नाही.

शेवटी दादाने एका मित्राकडून रंग मोजायचे उपकरण आणले. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून स्थिरावू द्यायचे, उपकरण काचेला टेकवायचे. संगणक एकेका रंगाचा चौकोन दाखवतो, उपकरण तो मोजते, आणि अपेक्षित रंगात व दिसणाऱ्या रंगात किती तफावत आहे त्याची नोंद होते. त्या नोंदीवरून पुढे रंग दुरुस्त होऊन पडद्यावर येतात.

गंमत अशी, की एका मॉनिटरला दुसऱ्यासारखे करायचेच नसते. दोघांनी तिसऱ्याच मापाशी यायचे : पांढरा ६५०० केल्विनचा, गॅमा २.२. त्या मापाने दादाचा पडदा निळसर निघाला आणि माझा पिवळट! उजेडाच्या बाबतीत माझा म्हातारा मॉनिटर चौरस मीटरला १०० कँडेलांच्या वर चढेना. तेव्हा दादाच्या तेजस्वी मॉनिटरला खाली उतरावे लागले.

तरी किंचित फरक उरलाच. मागचे दिवे निराळ्या जातीचे असले, की उपकरणाला सारखे ते डोळ्याला थोडे वेगळे दिसू शकते. कारण या मोजमापामागे १९३१ साली ठरलेला 'प्रमाण निरीक्षक' आहे, अवघ्या १७ माणसांच्या नजरेची सरासरी. त्या सतरांत ना दादा, ना मी.

फोटो आता भिंतीवर आहे. साडीचा खरा रंग कोणता, हे सांगणारी तेवढी गेली. दादा अजून चिंतामणीच म्हणतो, मी मोरपंखी. पण म्हणताना दोघेही एकाच फोटोकडे पाहत असतो, आणि आता त्यावरून अबोला धरावासा वाटत नाही.