संसाररथाचं डिफरन्शियल

'पती-पत्नी ही संसाररथाची दोन चाकं' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्या गृहस्थाने आयुष्यात कधी गाडीखाली वाकून पाहिलेलं नसावं. गेल्या चाळीस वर्षांत मी निदान दोनशे लग्नं जेवलो असेन. त्यातल्या निम्म्या लग्नांत कोणीतरी वडीलधारे उठतात, माईकवर दोनदा फुंकर मारतात आणि नवरा-नवरीला सांगतात, की बाळांनो, चाकं दोन असली तरी चाल एक पाहिजे. एकाने पुढे पळायचं नाही, दुसऱ्याने मागे राहायचं नाही. मंडळी जोरात टाळ्या वाजवतात, कारण पंगत खोळंबलेली असते. मी मात्र वाजवत नाही. भोसरीच्या एका कारखान्यात ३४ वर्षं मी ट्रकच्या डिफरन्शियलचे गिअर कापले आहेत. ज्या गाडीची दोन्ही चाकं अगदी बरोबरीने फिरतात, ती गाडी सरळ रस्त्यावर आदर्श असते आणि पहिल्या वळणावर शेतात जायला बघते, हे मला ठाऊक आहे.

पटत नसेल तर चिंचवडला मोरया गोसावींच्या देवळात जा आणि पत्नीसह प्रदक्षिणा घाला. दोघांत दोन फुटांचं अंतर धरा. बाहेरच्या बाजूने चालणाऱ्याला एका प्रदक्षिणेत जवळजवळ पावणेचार मीटर जास्त चालावं लागतं. गंमत म्हणजे देऊळ लहान असो की मोठं, फरक तेवढाच. तो फक्त दोघांतल्या अंतरावर ठरतो. अकरा प्रदक्षिणा घातल्या तर बाहेरचं माणूस ४० मीटरपेक्षा जास्त जादा चालतं. आणि पुण्य? पुण्य दोघांना सारखं! डिफरन्शियल म्हणजे नेमकं हेच. जोर दोघांना सारखा, चाल ज्याची त्याची. एवढं समजलं की गिअरचं अर्धं शास्त्र समजलं. उरलेलं अर्धं तेलात असतं. त्याकडे येतोच.

आपल्या पूर्वजांना ही अडचण नव्हती. बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात. ओढायचं काम बैलांचं, चाकांनी फक्त मागून यायचं. पुणे-लोणावळा लोकलची चाकं आसाला घट्ट बसवलेली असतात, पण त्यांची कड निमुळती असते. वळणावर ती जरा बाजूला सरकतात आणि बाहेरचं चाक आपोआप मोठ्या घेरावर चालू लागतं. पंचाईत झाली ती इंजिनाने चाकंच फिरवायला सुरुवात केली तेव्हा. १८२७च्या सुमारास ओनेसिफोर पेकर नावाच्या एका फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली. हा पेकर मूळचा घड्याळजी. एकाच किल्लीवर तासकाटा वेगळा चालतो आणि मिनिटकाटा वेगळा, तरी दोघांचं भांडण होत नाही, हे रोज पाहणाऱ्यालाच असलं काही सुचायचं.

आता आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात हे सगळं सांगायची खरं तर सोय नाही. इथे जो तो गाडीतलाच. टेल्कोचे (२००३ पासून टाटा मोटर्सचे) लोक इथे, बजाजचे इथे, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला त्याचे इथे. आणि या सगळ्यांना नट-बोल्ट पुरवणारे तर गल्लोगल्ली. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ २६ वर्षं फक्त हॉर्न तपासत होते. त्यांच्याशी बोलताना अजून जरा ओरडूनच बोलावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरचे सीटचं फोम करायचे, तळमजल्यावरचे वायपरची मोटर. इमारतीतली सगळी मंडळी एकत्र केली तर एक गाडी सहज तयार होईल. फक्त तिचं स्टिअरिंग कोणाच्या हातात द्यायचं, यावर सोसायटीची सभा तीन तास चालेल. पण अख्खी गाडी केलेली आमच्यात कोणीच नाही. मी हजारो क्राऊन-पिनियन कापले, त्यांना निळा रंग लावून दाताला दात कुठे टेकतो ते पाहिलं, बॅकलॅश मोजला आणि ट्रॉलीत भरून पुढे पाठवले. पुढे त्यांचं काय झालं, ते मला माहीत नाही. मुली सासरी दिल्यासारखंच, फक्त त्या सणाला येत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. (ज्या माणसाला उद्यापासून वेळेचं काम नाही त्याला घड्याळ का देतात, हे एक कोडंच आहे.) आमची ही शाळेत गणित शिकवते, तिची नोकरी चालू. ती सकाळी पावणेसातला बाहेर पडायची आणि मी फर्स्ट शिफ्टच्या सवयीने पाचलाच उठून तयार. मग मी फिरू लागलो. स्वयंपाकघरातल्या ४७ डब्यांना पार्ट नंबर दिले. दूधवाल्याचं माप तपासलं. कुकरच्या तीन शिट्ट्यांमधल्या वेळेचा सात दिवसांचा तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. संध्याकाळी मी तिला दिवसाचा अहवाल देत असे. पूर्वी ती शाळेतल्या गमती सांगायची. आता दमून खुर्चीत बसायची आणि 'हं' म्हणायची. एकदा तक्त्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही दिवसभर खूप फिरता. पण घर जागचं हलत नाही."

हे वाक्य गणिताच्या शिक्षिकेचं असलं तरी शुद्ध यंत्रशास्त्राचं होतं. पावसाळ्यात रिक्षाचं मागचं एक चाक चिखलात गेलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ते चाक गरागरा फिरतं, चिखल उडवतं, आणि दुसरं चाक कोरड्या डांबरावर ढिम्म उभं राहतं. लोकांना वाटतं, ते कामचुकार आहे. तसं नसतं. डिफरन्शियल जोर सारखा वाटतं. निसटणाऱ्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून त्याला जवळजवळ शून्य. आणि त्याला शून्य म्हणून दुसऱ्यालाही शून्य. एक चाक हवेत गेलं, की जमिनीवरच्या चाकालाही काही मिळत नाही. निवृत्त माणूस म्हणजे हवेत गेलेलं चाक. फिरतो भरपूर, आवाजही करतो; पण त्यामुळे घरातल्या दुसऱ्या चाकाचंही बळ जातं.

अशात आमचा भाचा एक खोकं घेऊन आला. तो चाकणला एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि रविवारी रिमोटच्या गाड्या पळवतो. रिमोटच्या म्हणजे वाढदिवसाला मिळतात आणि तेराव्या मिनिटाला बंद पडतात तसल्या नव्हेत. ही खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराची विजेवरची टुरिंग कार. सुटी येते आणि आपण बांधायची. हे किट जपानच्या तामिया कंपनीचं होतं. या कंपनीने १९७६ मध्ये पहिली रिमोटची मोटार काढली ती पोर्शे ९३४. तिची मापं नीट जमावीत म्हणून कंपनीने एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून पाहिली म्हणे. हे ऐकल्यापासून त्या मंडळींबद्दल मला नितांत आदर वाटतो. आमच्याकडे मिक्सर उघडायलाही परवानगी लागते.

"मामा, चारही चाकांना ड्राइव्ह आहे, दोन डिफ आहेत, पुढे एक, मागे एक. बाकी गाडी मी बांधतो. डिफ तुम्ही बांधा," भाचा म्हणाला. खोक्यातून त्याने गिअर काढून माझ्या तळहातावर ठेवले. प्लॅस्टिकचे! ३४ वर्षं ज्याने भट्टीतून निघालेलं पोलाद हाताळलं, त्याच्या हातावर बडीशेपेएवढं वजन. मला क्षणभर अपमान वाटला. मग चष्मा लावून दात पाहिले. दात मात्र चोख होते.

एक अख्खा डिफ मुठीत मावतो. आत दोन मोठे बेव्हल गिअर, डाव्या-उजव्या चाकाचे. त्यांच्यामध्ये आडव्या पिनांवर फिरणारे छोटे गिअर. गाडी सरळ चालली की हे छोटे गिअर आपल्या पिनेवर स्वस्थ बसून नुसते सगळ्यांबरोबर फिरतात. वळण आलं की ते जागच्या जागी गिरकी घेतात. तेवढ्याने एका चाकाचे फेरे वाढतात, दुसऱ्याचे तेवढेच कमी होतात. बांधून झाल्यावर बाहेरचं चक्र हाताने धरून ठेवा आणि एक टोक पुढे फिरवा. दुसरं टोक मागे फिरतं. हे पाहून ही म्हणाली, "अगदी ओळखीचं दृश्य आहे."

गिअरमागे घालायचे वॉशर केसाएवढ्या जाडीचे. एक कमी पडला तर गिअर खडखडतो, एक जास्त झाला तर अडकतो. ते सतरंजीवर सांडू नयेत म्हणून हिने माळ्यावरचा जुना मिसळणाचा डबा स्वतः काढून दिला. मोहरीच्या वाटीत वॉशर, जिऱ्याच्या वाटीत स्क्रू, हळदीच्या वाटीत रबरी रिंगा. त्या डब्याला मी पार्ट नंबर दिला नाही, हे तिने लगेच टिपलं.

आता तेल. खऱ्या गाडीत तेल असतं ते दात झिजू नयेत म्हणून. या छोट्या गाडीत मात्र दोन चाकांमधलं नातंच तेल ठरवतं. बंद डबीत सिलिकॉनचं तेल भरलं की गिअरना त्यातून वाट काढत फिरावं लागतं. दोन चाकांच्या चालीत फरक पडू शकतो, पण फार पडू शकत नाही. किटमध्ये नुसतं ग्रीस असतं. भाच्याने तेल टिकेल असे रबरी रिंगांचे डिफ मुद्दाम वेगळे आणले होते, आणि बाटल्यांची एक रांग. बाटल्यांवर आकडे: ५,०००; १०,०००; १,००,०००; ५,००,०००. पाण्याचा आकडा १ धरला तर हे तेल किती घट्ट, त्याचा हिशेब. भाचा सेंटिस्टोक वगैरे समजावू लागला. हिने एकेका बाटलीत काडी बुडवून चिमटीत घेतली, बोटं उघडली-मिटली आणि निकाल दिला, "हा अजून पाकच झाला नाही. हा एकतारी. हा दोनतारी. आणि हा गोळीबंद, याचे लाडू दगड होतील." भाच्याने ते वहीत लिहून घेतलं. अजून तो तेल मागवताना 'एकतारी' म्हणतो.

तेल आडव्या पिना बुडेपर्यंत ओतायचं, गिअर हळूहळू फिरवायचे, की आत अडकलेली हवा वर येते. मला झाकण लावायची घाई होती. ही म्हणाली, "थांबा. पाक आणि पाचवीचा वर्ग, दोन्ही ढवळून शांत होत नाहीत. ठेवून द्या." रात्रभर ठेवलं. सकाळी बुडबुडे गेलेले होते. मग उणीव भरली, झाकण बसवलं आणि चार स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. हे मात्र मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

रविवारी सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये खडूने वळणं आखली. पुढच्या डिफमध्ये पातळ तेल होतं. गाडी वळणात झकास शिरली. पण बाहेर पडताना आतलं चाक हलकं झालं आणि नुसतं भिरभिरलं. जोर सगळा वाऱ्यावर. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सल्ला आला, "सीट बदला!" मग भाच्याने गोळीबंद भरलं. आता दोन्ही चाकं हातात हात घालून, संसाररथवाल्या भाषणाप्रमाणे अगदी एकदिलाने चालली, आणि एकदिलाने वळायला नकार देऊन सेक्रेटरींच्या स्कूटरकडे निघाली. टायरही घासत होते. तीन रविवार आम्ही हेच केलं: डिफ उघड, तेल बदल, बुडबुड्यांची वाट बघ. शेवटी पुढे दोनतारीच्या जरा अलीकडचं आणि मागे एकतारी असं जमलं. गाडी वळणात ऐकत होती आणि वळणातून बाहेर येताना चारही चाकं कामाला लागत होती.

त्या तीन आठवड्यांत कुकरचा तक्ता फ्रिजवरून कधी गेला, ते मला कळलं नाही. मी शनिवारी तेलाच्या विचारात असायचो, आणि शाळेतून आल्यावर ही विचारायची, "काय, गेले का बुडबुडे?" मग पाठोपाठ पाचवीतल्या एका मुलाने शून्याला शून्याने भागून काय उत्तर काढलं, ते सांगायची. फार दिवसांनी सांगायची. मी नुसतं 'हं' म्हणून ऐकायचो. पण हा 'हं' वेगळ्या घट्टपणाचा होता.

चौथ्या रविवारी तिने रिमोट मागितला. पहिल्याच फेरीत गाडी खडूच्या रेषेवरून अशी नेली, की भाचा आ वासून बघत राहिला. "मामी, वळणाआधी स्पीड कमी करायचा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "तीस वर्षं रोज निगडीहून स्कूटर चालवते आहे, खड्ड्यांतून." सेक्रेटरींनी स्कूटर हलवली नाही. हलवायची गरज पडली नाही.

तिच्या निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत. तेव्हा घरातला वेग बदलेल, वळणंही बदलतील आणि आमचं तेल पुन्हा पारखून घ्यावं लागेल. भाच्याला मी सांगून ठेवलं आहे: त्या वेळी दोन-तीन बाटल्या जास्त आण, आणि काडी बुडवायला मामीलाच दे.