यांच्या नावाने

रविवार, ८ जून २०२५
आज पन्नासाव्या दिवसाची, पेंटेकॉस्टची उपासना. बाहेर चपला घालताना पाळकसाहेब म्हणाले, "बाई, पुढचा रविवार त्रैक्याचा. संडेस्कूल तुम्हीच घ्या." हो म्हटलं खरं, पण जन्मभर मराठी व्याकरण शिकवलं तरी हा धडा कधी घेतला नाही.

मंगळवार, १० जून
शेजारीण कळण्याची भाकरी घेऊन आली. क्रुसाकडे बघत म्हणाली, "आक्का, तुमना देव कितला शेतस? तीन ना?" म्हटलं, एकच. "मंग दत्तासारखा!" मी नुसती मान हलवली. ती गेल्यावर मनाला लागलं. दत्ताची तीन मुखं एकाच देहाला. गेथशेमाने बागेत येशू पित्याला विनवतो, हा प्याला टळू दे म्हणतो. तिथे बोलणारा आणि ऐकणारा वेगळे नसतील, तर ती विनवणी कुणाला? आणि वेगळे म्हणून दोन देव मानावेत, तर ते आमच्या विश्वासात बसत नाही.

याच भांडणासाठी ३२५ साली निकियात बिशप जमले होते. एरियस म्हणे, पुत्रही निर्माण केलेलाच. परिषदेने ठरवलं, पुत्र पित्याशी एकतत्त्व. यंदा त्याला १७०० वर्षं झाली. मला हा शब्दांचा कीस वाटत नाही. क्रुसावर कुणी दुसराच असेल, तर देवाने स्वतः काय सोसलं?

गुरुवार, १२ जून
रात्री पंडिता रमाबाईंची पत्रं वाचत बसले; साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली छापलेली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला, तरी १८८५ मध्ये त्या चेल्टनहॅमहून उघड लिहितात की त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवपण आपल्याला पटत नाही. परक्यांच्या आश्रयाला असलेल्या, पदरी लहान मुलगी मनोरमा, तरी न पटलेल्याला हो म्हणाल्या नाहीत. पुढे त्याच ख्रिस्ताला त्यांनी सर्वस्व दिलं, आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी अख्खं बायबल मराठीत आणलं. आणि मी मंगळवारी मान हलवली.

शनिवार, १४ जून
तितूर नदीकडून ओल्या मातीचा वास. बाप्तिस्म्याचे शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. मग 'यांच्या', अनेकवचन. आणि लगेच 'नावाने'. 'नावांनी' नाही. तिघे, आणि नाव एक. मूळ ग्रीकमध्येही नाव एकवचनीच आहे. इतकी वर्षं हे म्हणत आले आणि व्याकरणाच्या बाईचं लक्ष गेलं नाही!

रविवार, १५ जून
फळ्यावर तेवढंच लिहिलं. मुलं बराच वेळ बघत राहिली. एकाने विचारलं, "तिघे आहेत, तर प्रार्थनेत 'तुम्ही' का नाही म्हणत?" म्हटलं, आईला काय म्हणतोस? "तू." मग तसंच.

दुपारी रिकामा डबा घेऊन शेजारी गेले. ती सरकी टोचून नुकतीच आली होती, बियाण्याच्या औषधाचा गुलाबी रंग बोटांना तसाच. म्हटलं, परवा मी खोटी मान हलवली, दत्तासारखं नाही ते.
तिने हात पदराला पुसले, पाट सरकवला. "बठा आक्का. सांगा."