सागवान का नाही?

सिअ‍ॅटलला दादाच्या, म्हणजे माझ्या मावसभावाच्या गॅरेजमध्ये कार नाहीच. आहे ते अर्धवट विमान! पिटनपोल एअर कॅम्पर. १९२०च्या दशकातलं लाकडी डिझाइन, सीट दोनच. पुढची माझी, असं त्याने कबूल केलंय.

‘सागवान घे ना,’ मी म्हटलं. आपल्याकडे चांगलं लाकूड म्हणजे सागवानच, नाही का? दादा हसला. ‘सोफा करतोय का?’ सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या घरात, सिटका स्प्रूस जेमतेम सव्वाचारशे. आणि वजनाच्या मानाने ताकद जबरदस्त.

पण स्प्रूससुद्धा कुठलंही चालत नाही. इंचात किमान सहा वलयं हवीत. रेषा सरळ, पंधरा इंचांत इंचभर तिरकी गेली तर चालेल, जास्त नाही. पंखाच्या मुख्य दांड्याची महागडी फळी या सगळ्यात पास झाली. मग दादाने टॉर्च आडवा धरला. केसाएवढी आडवी रेघ! आतले तंतू कधीतरी दाबले जाऊन मोडलेले. फळी बाद.

‘वरून कापडच तर लागणार. दिसणारेय कुणाला?’

त्याने टॉर्च माझ्या हातात दिला. ‘तुझ्या डोक्यावरचा पंख आहे हा. ठरव.’

ती फळी आता गॅरेजमधला शेल्फ आहे. माझा कॉफीचा मग तिथेच असतो.