साय, लिंबू आणि तीन मिनिटं

आजीच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग होते. पाटावर चहा सांडून तसाच वाळावा, तसे. "तुझ्या आत्याच्या वेळी आले, ते राहिलेच," एवढंच ती सांगायची. आत्या आली, डाग आले, दोन्ही तिने सारख्याच शांतपणे घरात घेतले. आईला ते माझ्या वेळी आले. मला चाळिशीत. फरक इतकाच, की मी डॉक्टरकडे गेले.

आमच्या सांगलीच्या घरात चेहऱ्याचं खातं स्वयंपाकघराकडे असे. दुधाच्या पातेल्याची साय खरवडायची, त्यात डाळीचं पीठ, चिमूटभर हळद. लग्न ठरलेल्या मुलीसाठी मसुराची डाळ रात्री दुधात भिजत पडायची आणि सकाळी पाट्यावर वाटली जायची. दिवाळीला उटणं, नागरमोथा, आंबेहळद, वाळा यांचा वास न्हाणीघरात भाऊबीजेपर्यंत रेंगाळायचा. आजी ते इतक्या जोराने चोळायची की दंडावरून वळ्या निघत. त्या तळहातावर घेऊन ती विजयाने दाखवायची, "बघ, किती निघालं!" त्यात मळ थोडा, मेलेली त्वचाच जास्त, हे मला आता कळलं.

डॉक्टरांकडचं केमिकल पील म्हणजे तरी काय, तेच. त्वचेचा वरचा थर अ‍ॅसिडने सैल करून उतरवायचा. आंबट दह्यातलं लॅक्टिक अ‍ॅसिड क्लिनिकच्या फडताळात बाटलीत बसलेलं दिसलं, तेव्हा ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसं झालं. शेजारी ग्लायकोलिक, म्हणजे उसात सापडणारं. आम्ही उसाच्या पट्ट्यातले, पण बाटलीला गुऱ्हाळाचा वास कुठला! ते बहुतेक कारखान्यातच बनवतात.

मात्र जुनं ते सगळं सोनं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मावसबहिणीच्या लग्नाआधी मी लिंबाची फोड गालावर चोळली आणि गच्चीवर पापड राखत बसले. संध्याकाळी आग आग. पुढे लाल चट्टा काळा पडला आणि लग्नाच्या फोटोंत कायमचा राहिला. किती लिंबू, किती वेळ, नंतर ऊन चालेल का, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. घरातलं आहे, म्हणजे सोसवणारच, ही आमची ठाम समजूत.

क्लिनिकमध्ये पहिल्या दिवशी काही लावलंच नाही, नुसते प्रश्न. दिवस गेलेत का? ताप आला की ओठांवर फोड उठतात का? मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या होत्या का? अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी? दुकानातून आणलेलं गोरेपणाचं क्रीम लावता का? शेवटच्या प्रश्नावर मी खाली बघितलं. तसल्या क्रीममध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं, आणि त्याने चेहऱ्याची त्वचा आधीच पातळ झालेली असते. मग तीन आठवडे नुसतं सनस्क्रीन आणि रात्रीचं मलम. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला जरा भाजलं की ती काळा डाग धरते, म्हणून ही तयारी. याच कारणाने फिनॉलचं खोल पील आपल्याकडे सहसा करत नाहीत. त्यात तर हृदयाच्या ठोक्यांवरही लक्ष ठेवावं लागतं.

प्रत्यक्ष पील म्हणजे तीन मिनिटं. डोळ्यांच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलीन, मग ब्रशने ग्लायकोलिक, समोर पंखा, डॉक्टरांच्या हातात स्टॉपवॉच. आधी मुंग्या, मग मिरची लागल्यासारखं. गालाचा एक भाग जास्त लाल दिसताच तिथे त्यांनी आधी थांबवलं. ग्लायकोलिक आपणहून थांबत नाही, सोड्याच्या पाण्याने ते मारावं लागतं. सॅलिसिलिकला तशी गरज नसते. त्याचा पांढरा थर धरतो आणि काम संपतं. म्हणून पार्लरमध्ये आयब्रो करता करता कोणी 'ताई, पील पण करून घ्या' म्हणालं, तर मी उठून येईन. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच यांनी सोललेल्या कातडीवर अ‍ॅसिड नको, आणि त्या बाटलीत किती टक्के आहे, हे तिथे कोणाला विचारणार?

तिसऱ्या दिवशी हनुवटीपाशी शेंगदाण्याच्या सालासारखा पापुद्रा सुटला. तो ओढायचा नाही, हीच खरी शिक्षा. आजी असती तर चोळून मोकळी झाली असती. दोन-चार आठवड्यांच्या अंतराने अशा पाच-सहा खेपा घालायच्या. वांग फिकं होईल, मुळासकट जाईलच असं नाही, आणि उन्हात फिरलात तर परत येईल, हे डॉक्टरांनी पैसे घ्यायच्या आधी सांगितलं. मला ते आवडलं.

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने आधी खर्च विचारला, मग थोडा वेळ गप्प.

"म्हणजे शेवटी उन्हात जाऊ नकोस, एवढंच ना? आजी काय डोक्यावर पदर उगाच घ्यायची?"

पुढच्या महिन्यात ती राहायला आली. माझी सनस्क्रीनची ट्यूब उचलली, वास घेतला, बोटभर मनगटावर चोळून पाहिली. "चिकट आहे गं," म्हणाली, आणि उरलेलं गालावर पुसून भाजी आणायला निघाली.