मोत्याचे पान

मराठीत माणसाला जेवायला वाढतात, गाईला घास देतात आणि कुत्र्याला तुकडा टाकतात. अन्न तिन्ही वेळा तेच असू शकते. हात मात्र वेगवेगळ्या उंचीवर असतो. श्राद्धाच्या दिवशी पंचबलीत गाय आणि कावळा यांच्या जोडीला श्वानबलीही असतो. पण गाईचा घास तिच्या तोंडापर्यंत जातो, कावळ्याची तर हात जोडून वाट पाहिली जाते, आणि कुत्र्याचा वाटा अंगणाच्या कडेला ठेवून आपण पाठ फिरवतो. महाभारताच्या आरंभीच एका कुत्र्याने अन्नापायी मार खाल्ला आहे. जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पिल्लू आले. त्याने हवीला तोंड लावले नव्हते, तिकडे पाहिलेसुद्धा नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला बडवून काढले. आपल्या कथांमध्ये कुत्र्याला मानाने वाढायला निघालेला मला एकच माणूस आठवतो, तो म्हणजे नामदेव. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तो तुपाची वाटी घेऊन धावला. कोरडी पोळी बिचाऱ्याच्या घशाखाली उतरणार कशी, ही त्याला काळजी. आजचे डॉक्टर तुपालाही हरकत घेतील, पण ते राहू द्या.

नामदेवाचे एक बरे होते. काय खायचे याची निवड कुत्र्यानेच करून टाकली होती. हल्ली ती आपल्याला करावी लागते, आणि तीत घरातल्या प्रत्येकाचे तत्त्वज्ञान उघडे पडते.

आमच्याकडे मोत्या आला त्याला आता बारा वर्षे होतील. पुतण्याने त्याला एका वीटभट्टीवरून उचलून आणले. दोन-अडीच महिन्यांचे पिल्लू. पोट नगाऱ्यासारखे आणि पुढचे पाय कंसासारखे वाकलेले. आमच्या स्वयंपाकघराची सत्ता आत्याची. तिच्या राज्यात चातुर्मासात कांदा येत नाही आणि अंडे बाराही महिने येत नाही. पिल्लाकडे पाहून तिने निदान आणि उपचार एकदमच सांगितले. "दूध-पोळी कुस्करून घाला आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवा. आपल्या वाड्यातली सगळी कुत्री दूध-पोळीवरच वाढली."

जनावरांचे डॉक्टर हे ऐकून हसले नाहीत, याबद्दल मी त्यांना मानतो. ते म्हणाले, "आजी, वाड्यातली कुत्री तुमच्याकडे दूध-पोळी खात आणि मग बाहेर जात. उंदीर, घुशी, खाटकाकडची हाडं, कोळणीच्या पाटीतलं काही. त्यांचं अर्धं जेवण वाड्याबाहेर होत होतं. हा आता दाराच्या आत राहणार. याला जे काही मिळायचं ते तुमच्याच हातून." उन्हाचा उपायही त्यांनी मोडीत काढला. माणसाची कातडी उन्हात ड जीवनसत्त्व तयार करते. कुत्र्याच्या कातडीला ते पुरेसे साधत नाही. त्याला ते अन्नातूनच मिळायला हवे: अंड्याच्या बलकातून, माशातून, कलेजीतून. पोळीत चुना कमी, आणि जो असतो तोही गव्हातला एक घटक बांधून ठेवतो. "मग नुसतं मटण द्यायचं का?" असे पुतण्याने उत्साहाने विचारले, तर तेही नाही. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि चुना नावापुरता. वाढत्या पिल्लाच्या हाडांचे त्यानेही वाटोळे होते.

दोनच वाटा उरल्या. एक, चुना आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या मापाने आणि जोडीला रोज अंडे. माप चुकवून ड जीवनसत्त्व जास्त दिले तर तेही विषच, हे त्यांनी दोनदा बजावले. दुसरी, पिल्लांसाठी मिळणारे तयार अन्नाचे पुडके. आत्याने पुडक्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायला लावला. दुसऱ्याच ओळीत कोंबडी निघाली.

मग आमच्या घरी जी बैठक भरली ती एखाद्या पंचायतीला शोभली असती. धाकटा भाऊ म्हणाला, कुत्रा शाकाहारावर जगू शकतो. मुद्दा खोटा नव्हता. मांजराला टॉरीन नावाचे द्रव्य मांसातूनच मिळवावे लागते. कुत्रा ते सहसा स्वतःच्या शरीरात बनवतो. जाणत्या माणसाने नीट आखून दिलेल्या शाकाहारावर धडधाकट मोठा कुत्रा राहू शकतो, असे डॉक्टरांनीही मान्य केले. "पण प्रयोग करायचा तर सरळ पायाच्या कुत्र्यावर करा," असे ते पुढे म्हणाले, आणि सभा शांत झाली.

आत्या दिवसभर कोणाशी बोलली नाही. तिच्या दृष्टीने हा प्रश्न पाकशास्त्राचा नव्हताच. साठ वर्षे पाळलेली गोष्ट आणि समोर फरशीवर घसरत चालणारा एक जीव, यांतले काय मोडायचे एवढाच तो होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "गच्चीवर जुना स्टोव्ह आहे. भांडं वेगळं. आणि मला वास येता कामा नये." रोज एक अंडे गच्चीवर शिजू लागले. आत्याने त्याचे नाव कधी घेतले नाही. महिन्याभराने मात्र ती जिन्याखालून विचारू लागली, "दिलंत का त्याला ते?" मग मोत्याची थाळी गच्चीवरून खाली आली, तिला ठरलेली जागा मिळाली, आणि एके दिवशी मी तिला म्हणताना ऐकले, "मोत्याचं पान वाढलंय, त्याला हाक मारा." पाय पुष्कळ सरळ झाले. डावा किंचित वाकडा राहिला, तो आजही आहे.

या निमित्ताने मी जे वाचले त्यात भाकरीची बाजू घेणारे एक संशोधन सापडले. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली ६० कुत्र्यांची आणि १२ लांडग्यांची जनुके ताडून पाहिली. पिष्ट पचवणाऱ्या रसाच्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन असतात, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या चुलीशेजारी पिढ्यान्‌पिढ्या काढताना या प्राण्याचे आतडेच आपल्याशी जुळवून घेत गेले. तेव्हा 'कुत्रा म्हणजे घरातला लांडगा' असे म्हणून त्याला नुसते कच्चे मांस घालणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे. भाकरी हा कुत्र्याचा अपमान नव्हे. ती अपुरी आहे, इतकेच.

पुडक्यांचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन इंग्लंडात गेला. बंदरावर खलाशांची टणक बिस्किटे भटकी कुत्री मिटक्या मारीत खाताना त्याने पाहिली आणि त्यावरून कुत्र्यांसाठी बिस्किटे काढली, असे सांगतात. त्या खलाशी बिस्किटांचा वंश आता दुकानाची अख्खी भिंत अडवून बसला आहे. त्यातही दरसाल नवी टूम निघते. मध्यंतरी धान्यविरहित अन्नाची आली होती. २०१८ साली अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने अशा अन्नाचा कुत्र्यांच्या एका हृदयविकाराशी संबंध आहे की काय, याची चौकशी सुरू केली. पक्का निकाल लागला नाही, पण टूम जरा नरमली. म्हणून घरचेच बरे म्हणावे, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी २०१३ साली घरगुती श्वानान्नाच्या २०० कृती तपासल्या, त्यांतल्या ९५ टक्के कृतींत कोणता ना कोणता आवश्यक घटक कमी भरला. मी पुडक्याच्या बाजूचा नाही आणि गच्चीवरच्या स्टोव्हच्याही नाही. कुत्र्याच्या वयाला साजेसे संपूर्ण अन्न असे लिहिलेले साधे पुडके पुष्कळांना पुरते. घरीच करायचे तर कृती डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि तीत आपल्या प्रेमाची फोडणी घालू नये.

प्रेमाला सर्वांत ऊत येतो तो दिवाळीत. नेपाळात नरक चतुर्दशीच्या दिवशी कुत्र्याला टिळा लावतात, हार घालतात आणि गोडधोड खाऊ घालतात. फार सुंदर चाल आहे. पण आपल्या फराळाच्या ताटावर एकदा कुत्र्याच्या बाजूने नजर टाका. बेसनाच्या लाडवावर बेदाणा असतो, आणि बेदाणे-मनुकांनी कुत्र्याचे मूत्रपिंड बंद पडू शकते. २०२१ साली काही अमेरिकन पशुवैद्यांनी त्याचे खापर टार्टारिक आम्लावर फोडले. तेच आम्ल चिंचेत असते, म्हणजे आपली आमटीही संशयितांत आली. चिवड्यात तळलेला कांदा आणि लसूण असतो. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पाहुण्यांनी आणलेले चॉकलेट विष आणि मधुमेही काकांसाठी आणलेल्या बिनसाखरेच्या मिठाईत झायलिटॉल असेल, तर ते त्याहून वाईट. शिजवलेल्या हाडांचे भाल्यासारखे तुकडे होतात, म्हणून सामिष घरांनीही फार ऐटीत राहू नये. आणि हे सारे मागणारे ते डोळे! कुत्र्याच्या जिभेवर चवीचे कोंब सुमारे १,७००, आपल्या जिभेवर ९,०००च्या आसपास. तरी चकलीच्या आवाजाला जो उठून येतो त्याला हा हिशेब कोण समजावणार? आमच्याकडे दिवाळीत मोत्यासाठी बिनमिठाच्या उकडलेल्या भोपळ्याच्या फोडी वेगळ्या डब्यात असतात. पाहुण्यांच्या लहान मुलांना भरवायची हौस असते, ती त्यावर भागते.

यंदा तो डबाही जपून उघडावा लागतो आहे. मोत्याची मूत्रपिंडे थकली आहेत. डॉक्टरांनी फॉस्फरस कमी करायला सांगितले. भात चालेल, अंड्याचे पांढरे चालेल, बलक बंद. मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठीचे खास पुडके आणले, ते त्याने हुंगले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मीच ते उचलून ठेवले. आत्याचेही मीठ गेल्या वर्षापासून तुटले आहे. दोघे दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या दोन बाजूंना अळणी जेवत बसतात. आत्या कुरकुरत का होईना पान संपवते. मोत्या चार घास खातो आणि मान वळवतो. तीन आठवड्यांत त्याचे वजन दीड किलो उतरले.

डॉक्टर म्हणाले, अशा वेळी पथ्य पाळून उपाशी राहण्यापेक्षा थोडे पथ्य मोडून खाणे बरे. कुठवर मोडायचे ते रोज त्याच्याकडे पाहून ठरवावे लागेल. ते ठरवणे या घरात कोणाकडे आहे, हे त्यांना सांगावे लागले नाही. परवा आत्याने मला त्यांना फोन लावायला सांगितला आणि माझ्या हातातून घेतला.

"डॉक्टर, अंड्यातलं पिवळं आठवड्यातून एकदा थोडं दिलं तर चालेल का? त्याशिवाय भाताला तोंड लावत नाही तो."

पलीकडून थोडा वेळ काही आले नाही. मग ते म्हणाले, "चालेल आजी. एवढंसं."

"एवढंसं म्हणजे किती?" आत्याने विचारले. "चहाचा चमचा की जेवायचा?"