हिरव्याची वजाबाकी

संगणकावर पानगळ रंगवायची म्हटलं की नवखे कलाकार स्लाइडर हिरव्याकडून लालकडे सरकवतात. मध्येच मळकट तपकिरी रंग येतो आणि तिथेच पान मरतं. खऱ्या पानात हिरव्याचा लाल होत नाही. हरितद्रव्य मोडत जातं, आधीपासून असलेला कॅरोटिनॉइडचा पिवळा उघडा पडतो. अँथोसायनिनचा लाल बहुतेकदा शेवटी नव्याने तयार होतो. म्हणून शेडरमध्ये, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसावा ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मी तिन्ही रंगद्रव्यांचे नकाशे वेगळे ठेवतो आणि प्रत्येकाचा वेगही वेगळा. स्तेफान जाकमू आणि फ्रेदेरिक बारे यांनी १९९० मध्ये मांडलेलं ‘प्रॉस्पेक्ट’ हे गणितही पानाचा रंग विचारत नाही. हरितद्रव्य किती, पाणी किती, आतली रचना कशी, एवढंच विचारतं.

परदेशी कामांना मेपल लागतो. माझा अभ्यास मात्र डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या आवारातल्या देशी बदामावर झाला. जानेवारी-फेब्रुवारीत त्याचं पिकलं पान उन्हासमोर धरून बघा. कडा शेंदरी, मधला भाग पिवळा आणि शिरांच्या दोन्ही अंगांना हिरव्याची बारीक झालर. पान टाकण्याआधी झाड त्यातलं नत्र शिरांवाटे परत ओढून घेतं. शिरांलगतचा हिरवा बऱ्याचदा सर्वांत शेवटी जातो. किडीने पाडलेल्या भोकाला काळपट कड. समोरून उजेड पडला तर कडांचा हाच शेंदरी विटकरी दिसतो, मागून पडला की पेटतो. त्यामुळे पानाची पाठपोट स्कॅन करून भागत नाही, आरपार उजेडाचा फोटो वेगळा काढावा लागतो. आणि धूळ! कल्याण-शीळ रस्त्याकडेच्या पानाला चकाकी दिली की ते लगेच परकं दिसतं.

येऊरच्या जंगलात सगळंच उलटं. मार्चच्या सुमारास कुसुमाचं झाड लालभडक होतं, पण ती पालवी असते. पिंपळाची तांबूस पानंही तशीच. अँथोसायनिन आधी, हरितद्रव्य मागाहून. पण बदामाचा शेडर उलटा चालवून कुसुम होत नाही. कोवळं पान पातळ, तुकतुकीत, बिनभोकाचं असतं आणि देठापासून लुळं लोंबतं. रंग जमले तरी ताठ पानावर ते खोटेच वाटतात.

कुसुम अजून कुणी मागितलेला नाही. पडद्यावरची आपली जंगलं बारमाही हिरवीगार असतात, त्याचा मला कंटाळा आलाय, म्हणून फावल्या वेळात करतोय. सध्या गाडं अडलंय ते देठापाशी: वारा आला की लोंबतं पान हलावं किती आणि पुन्हा स्थिरावावं कधी, ते काही जमत नाही.