मी भूत होतो तेव्हा

कॉलेजात असताना मी एक हिवाळा भूत म्हणून नोकरी केली. रोजंदारीवर. दुपारी चारला हजर व्हायचं, तोंडाला झिंक ऑक्साइड आणि खोबरेल तेलाचा लेप चोपडायचा, डोळ्यांखाली काजळ ओढायचं, अंगात चादरीचा झगा चढवायचा आणि प्लायवूडच्या पेटीत जाऊन पडायचं. माणसं जवळ आली की उठून बसायचं. घरी सांगितलं होतं, शिकवणी घेतो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. नागपुरात दिवाळी उलटली की कधी कस्तुरचंद पार्क, कधी रेशीमबाग, कुठे ना कुठे आनंदमेळा लागायचाच. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, कोलंबस, टोराटोरा, मौत का कुआँ, आणि कोपऱ्यात आमचा भूतबंगला. मेळ्याचं आणि मालकाचं नाव सांगत नाही. भूतबंगला म्हणजे बांबू, प्लायवूड आणि काळं कापड. आत लाल झिरोचे बल्ब, छतावरून लोंबणाऱ्या सुतळ्या, थर्माकोलचा सांगाडा आणि घासून घासून बसका आवाज झालेली किंकाळ्यांची कॅसेट. बाहेरचा माणूस भोंग्यावर ओरडायचा की कमजोर दिलवाल्यांनी आत येऊ नये. त्यामुळे कमजोर दिलवाले सोडून कुणी यायचंच नाही.

या नोकरीत एक गोष्ट लवकर कळते. भुतापेक्षा गिऱ्हाईक भयंकर असतं. पोट्ट्यांचा घोळका आला की पुढचा किंचाळायचा, मागचा हसायचा आणि मधला मला लाथ घालायचा. घाबरलेला माणूस पळतो हे पुस्तकातलं; मित्रांसमोर घाबरलेला माणूस मारतो. दारू पिऊन आलेल्या एकाने तर मला पेटीतून ओढून काढलं आणि विचारलं, "काऊन बे, कोणत्या कॉलेजचा?"

पण या मेळ्याला आमच्याशिवाय दुसरं एक भूतही होतं. पगार न घेणारं.

ते आकाशपाळण्यात होतं. अकरा नंबरच्या डोलीत. मेळ्यातली कामगार पोरं, बहुतेक बालाघाट-छिंदवाड्याकडची, त्या डोलीत कधी बसायची नाहीत. रोज संध्याकाळी पाळणा सुरू करण्याआधी तिच्यावर लिंबू-मिरची बांधली जायची. कुणी म्हणायचं, रायपूरला एक वेल्डर वरून पडला तो तिच्यात बसून असतो. कुणी म्हणायचं, वेल्डर नव्हे, बाई होती; केस मोकळे सोडून बसली होती, अकोल्याला. बाईवाली गोष्ट जास्त चालायची, कारण तिची हडळ करता येत होती. रात्री सगळं बंद झाल्यावर वारा नसतानाही ती डोली करकरते, हे मात्र दोन्ही पक्षांना मान्य.

मला यात एक अडचण वाटायची. आजीकडून ऐकलेली सगळी भुतं जागेला धरून असायची. मुंजा पिंपळावर, आसरा डोहात, चकवा शिवारात. त्यांना बदली नसते. आमचं भूत मात्र ट्रकमधून प्रवास करत होतं. मेळा अमरावतीला गेला की ते अमरावतीला, गोंदियाला गेला की गोंदियाला. सामानाच्या यादीत असल्यासारखं. हे मी पाळण्याच्या मिस्त्रीकाकांना विचारलं, आणि पुढची सगळी गोष्ट त्या प्रश्नातून निघाली.

मिस्त्रीकाका कामठीचे. साठीला आलेले, बोलायला कडू. त्यांचा भुतावर विश्वास नव्हता. नागपुरात तशी माणसं कमी नव्हती. श्याम मानवांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली ती याच शहरात, १९८२ मध्ये, आणि त्यांच्या कार्यकर्त्यांचे चमत्कारांमागची हातचलाखी उघडी करणारे प्रयोग आमच्या पिढीने कॉलेजांतून पाहिले होते. मी त्या प्रयोगांना टाळ्या वाजवल्या होत्या आणि मेळ्यात अकरा नंबरखालून जाणंही टाळत होतो. काकांचं तसं नव्हतं. ते कुठल्या समितीत नव्हते. त्यांनी मला दुपारी शिडीवर चढवलं, डोली जिथे लोंबते तिथल्या पट्टीवर माझा अंगठा ठेवला आणि म्हणाले, "डोळ्यानं नको पाहू. हात फिरव."

रंगाखाली एक उंचवटा लागला. सुताएवढा. कुणीतरी तिथे कधीतरी वेल्डिंग मारलं होतं, वरून ग्राइंडर फिरवला होता आणि त्यावर लाल रंगाचे दोन हात दिले होते.

"हे भूत," काका म्हणाले. "मेलेला मानूस कोनाचं काय करते बे? हे मारते."

मग त्यांनी समजावलं ते असं. जोड दिला की जोड बळकट होतो, पण त्याच्या शेजारचं लोखंड तापून-निवून कमी पडतं. पाळणा फिरतो तेव्हा प्रत्येक फेरीत त्या पट्टीवर ताण येतो, जातो, येतो, जातो. चीर पडायची ती जोडात नव्हे, जोडाच्या काठाला. केसासारखी बारीक सुरू होते, रंगाखाली दिसत नाही, आणि मग एक दिवस सरळ तुटते. मेळ्यातली यंत्रं एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकली जातात, नवा रंग लागतो, नवं नाव लागतं. कोणती पट्टी कुठल्या गावात वाकली आणि कुणी सरळ केली, याचा कागद यंत्राबरोबर येत नाही. कामगार येतात. ज्याने रायपूरला जोड मारताना पाहिला, तो पुढच्या पोराला काय सांगणार? मेटल फटीग सांगणार? तो सांगतो, अकरा नंबरमध्ये बसू नको, तिच्यात माणूस आहे.

ती गोष्ट खोटी होती आणि तिच्यातली सूचना खरी होती. वेल्डर पडला की नाही, बाई होती की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण त्या पोरांनी लिंबू बरोबर त्याच डोलीला बांधलं होतं जिच्यात दोष होता. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी ठेवलेलं ते यंत्राचं दप्तर होतं. त्या दप्तराची खोट एवढीच, की तिकीट काढून बसणाऱ्याला ते वाचायला मिळत नाही.

आणि मिळालं तर तो काय करतो, तेही पाहायला मिळालं. भुताच्या डोलीची कुणकुण बाहेर लागली आणि लोक मुद्दाम अकरा नंबर मागायला लागले. मॅनेजरने दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी त्या डोलीचं तिकीट वाढवलं. भोंग्यावरून जाहिरात सुरू झाली. रांग पाळण्याला वळसा घालून पाणीपुरीच्या गाडीपर्यंत. काका मॅनेजरकडे गेले. मी शेजारी उभा होतो, तोंडाला पांढरं फासलेलं. काका म्हणाले, पट्टी बदला, दोनशे रुपयांचं काम आहे. मॅनेजर म्हणाला, भूत आहे म्हणून गर्दी आहे, पट्टी बदलली असं सांगू का लोकांना? तिकीटखिडकीत सार्वजनिक बांधकाम खात्याच्या यांत्रिकी विभागाचा दाखला काचेत लावलेला होता. त्याच्याकडे बोट दाखवून त्याने विषय संपवला. महाराष्ट्रात मेळे, तमाशे आणि करमणुकीच्या जागांच्या परवान्याचे नियम १९६० सालचे आहेत. मेळा उभा राहतो त्या दिवशी तपासणी होते. पण रंगाखाली कोण पाहणार?

मॅनेजरचं गणित साधं होतं. तिथे अपघात झाला होता असं म्हटलं तर पोलीस येतात. तिथे भूत आहे असं म्हटलं तर गिऱ्हाईक येतं.

त्या रात्री काकांनी पाना घेतला आणि अकरा नंबरची डोली उतरवली. तोल राहावा म्हणून तिच्या बरोबर समोरचीही उतरवली. पाळण्याला एका बाजूने वजन चालत नाही, माणसं बसवतानासुद्धा समोरासमोर बसवतात. दोन्ही डोल्या ट्रकमागे उलट्या करून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने शिव्या दिल्या, मग रंगाचा डबा मागवला आणि बारा नंबरच्या डोलीवर अकरा लिहिलं. लिंबू-मिरची बांधली. रांग पुन्हा पाणीपुरीपर्यंत. काकांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. ती डोली चांगली होती.

रात्री साडेदहाला सुटलो की सायकलने घरी निघायचो. मेळा कस्तुरचंद पार्कवर असला की झिरो माइलवरून मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटकडे. २३ नोव्हेंबर १९९४ला, विधानभवनावर अधिवेशन सुरू असताना, तिथे गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. बहुतेक बाया आणि लेकरं. मला त्या रस्त्याने जाताना कधी भीती वाटली नाही, आणि नागपुरात कुणाच्याही तोंडून त्या जागेची भुताची गोष्ट मी ऐकलेली नाही. शहरातलं एवढं मोठं मरण, आणि भूत एकही नाही. रहदारीचा चौक, दिवे, गर्दी, हे कारण आहेच. पण दुसरंही आहे. तिथे कुणाची कुजबुज लागत नाही. स्मारक आहे, पुलाला त्यांचं नाव आहे, दर २३ नोव्हेंबरला गोवारी समाज तिथे येऊन उभा राहतो आणि आपली मागणी मोठ्याने सांगतो. ती मरणं तारखेनिशी माहीत आहेत.

हे सगळं तेव्हा सुचलं असं मात्र नाही. तेव्हा मला दुसरीच काळजी होती. भूतबंगल्याचं मागचं दार. फुकटे घुसतात म्हणून ते बाहेरून कडी घालून बंद असायचं. आत कापड, थर्माकोल, सुतळी आणि उघड्या जोडांच्या वायरी. गिऱ्हाईक विड्या ओढत यायचं. मी पेटीत पडल्या पडल्या काडेपेटीच्या विझलेल्या काड्या मोजायचो. पुढे नोकरी लागल्यावर अशा जागांबद्दल वाचायला लागलो तेव्हा अंगावर काटा आला तो भुतांमुळे नव्हे. ९ जून १९७९ला सिडनीच्या लूना पार्कमधली भुतांची रेल्वे पेटली. सहा मुलं आणि एक बाप गेले. ११ मे १९८४ला अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका पार्कमधला ‘झपाटलेला किल्ला’ जळाला. आठ तरुण मुलं. मालवाहू ट्रेलर एकमेकांना जोडून केलेली, आत फोम लावलेली ती भुयारं. अंधारात वाट दिसेना म्हणून कुणीतरी लायटर पेटवला. तात्पुरतं बांधकाम म्हणून पाण्याचे फवारे नव्हते, धुराची सूचना देणारं यंत्र नव्हतं. आमचंही तात्पुरतंच होतं.

सिडनीच्या आगीत तर भूतही आलं. त्याच दिवशी शहरात काढलेल्या एका फोटोत, जळून गेलेल्या मुलांपैकी एकाशेजारी शिंगांचा मुखवटा घातलेला माणूस उभा दिसतो. त्या फोटोवर चाळीस वर्षं सैतानाच्या गोष्टी रचल्या गेल्या. आगीचा ढिगारा मात्र तपास पुरा होण्याआधीच बुलडोझरने हलवला होता. आग कशी लागली ते चौकशीत ठरवता आलं नाही. मला त्या सैतानाची वेशभूषा ओळखीची वाटते; असा मुखवटा रोजंदारीवर मिळतो.

आपल्याकडची भुतं तर फोटोपर्यंतही पोचत नाहीत. १४ जुलै २०१९ला अहमदाबादेत कांकरिया तलावाकाठच्या झुल्याचा मुख्य दांडाच हवेत तुटला. दोघं गेले, पंचवीसहून जास्त जखमी. २०१८ मध्ये हरियाणात पिंजोरच्या बागेत गो-कार्टच्या चाकात केस अडकून एक तरुण बाई गेली. ती बातमी वाचली तेव्हा अकोल्याची मोकळ्या केसांची हडळ आठवली, आणि ती गोष्ट रचणारा माणूस कदाचित काहीच रचत नव्हता, असं पहिल्यांदा वाटलं. २५ मे २०२४ला राजकोटच्या गेम झोनमध्ये सत्तावीस माणसं जळाली. मग ठिकठिकाणी तपासण्या झाल्या, नोटिसा लागल्या. हे सगळं आपण दर वेळी पाहतो, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात भाच्याला घेऊन एका मेळ्यात गेलो. भूतबंगला होता. मी आधी मागे जाऊन दार पाहिलं. कडी होती, बाहेरून. गेटवरच्या हवालदाराला सांगितलं. तो आधी हसला, मग राजकोट म्हटल्यावर उठला आणि त्याने कडी काढायला लावली. मालकाने माझ्याकडे पाहून जे तोंड केलं ते आतल्या कुठल्याही मुखवट्यापेक्षा बरं होतं. रांगेतली पोट्टी वैतागली, कारण आता मागून खरंच फुकटे घुसायला लागले.

भाच्याला टोराटोरात बसायचं होतं. तिथलं पोरगं अठरा-एकोणीसचं, मध्य प्रदेशातलं. त्याने भाच्याला एका डोलीत बसवलं, आणि भाचा उठून शेजारच्या रिकाम्या डोलीत जायला लागला तसा त्याचा दंड धरला. "काका, छह नंबर में मत बिठाओ. रात को उसमें कोई बैठता है."

भाचा खूश झाला. त्याला तीच हवी होती. मी त्याला उतरवून घेतलं, पोराला बाजूला नेलं आणि विचारलं, जोड कुठे मारलाय?

त्याने आधी तिकीटखिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "नीचे वाले हाथ में. दिखेगा नहीं, कलर नया है. हाथ फिराके देखो."